कांतीशेठच्या धाग्याच्या माश्या

कांत्या,

आठ दिवसांपूर्वी तुझा उठावणा झाला, तुमच्यातली शोकसभा. ओतूरची निम्मी बाजारपेठ आली होती. पांढऱ्या चादरींवर दाटीवाटीने बसलेली माणसं एकमेकांना एकच सांगत होती, "कांतीशेठ म्हंजी लई सरळ माणूस. पोटात एक अन् ओठात एक असं कधी केलं न्हाई." मी भिंतीला टेकून मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, दत्ता वाइंडर रडतोय. रडत होतोच, पण मधेच हसू येत होतं आणि ते लपवायलाही मान खाली घालणं भाग होतं. तू सरळ नव्हतास. अख्ख्या ओतूरात हे मला एकट्याला ठाऊक आहे, आणि मी ते बोलू शकत नाही, कारण तुझं बोललो तर माझंही बाहेर येतं.

तोंडाने सांगता येत नाही ते लिहून काढतोय. तू असतास तर लिहू दिलं नसतंस, माझं अक्षर बघून हसला असतास.

तुझं कटलरीचं दुकान आणि माझं मोटर वाइंडिंगचं, मधे एक विटांची भिंत. तुझ्याकडे बांगड्या, रिबिनी, लोकरीचे गुंडे, भरतकामाचे धागे. माझ्याकडे विहिरीतून वर काढलेल्या जळक्या मोटारी आणि तांब्याच्या तारेची रिळं. पाचवीपासून आपण एका बाकावर बसलो, त्यामुळे ओतूर तुला शेठ म्हणत असलं तरी मला ते कधी जमलं नाही. माझ्या संशयी स्वभावाची टिंगल करायचा हक्क मी फक्त तुला दिला होता. गिऱ्हाईक म्हणतं, "व्होल्टेज कमी व्हतं म्हणून मोटर जळली," आणि मी त्याला म्हणतो, "विहिरीत पाणी नसताना तू कोरडी चालवलीस." तू मधल्या भिंतीपलीकडून ओरडायचास, "दत्त्या, तुला देव भेटला तरी तू आधी त्याची अर्थिंग तपासशील."

मग असा माणूस तुझ्यावर संशय कसा घेणार नाही? तुझ्या घरात कांदा चढत नाही, सूर्य मावळल्यावर तू जेवत नाहीस, आणि दुकानाच्या सुट्टीला माझ्या मोटरसायकलवर मागे बसून जुन्नर, घोडेगाव करत डिंभ्याच्या धरणावर येतोस, कशासाठी? तर मी मासे धरताना बघायला. मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो की तू मासे राखायला येतोस. तू म्हणायचास, "पाणी बघायला येतो. तुझं तोंड बघायला दुकान हाय की."

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या दिवशीचं भांडण अजून मिटलेलं नाही. धरणाच्या मागच्या अंगाला, पाण्यातून दगड वर येतात तिथे बसलो होतो. मी गळाला गांडूळ लावत होतो आणि ते बोटांत वळवळत होतं. तू हातातला थेपला डब्यात परत ठेवलास.

"दत्त्या, मासा तू खातोस. तुझी भूक हाय, त्याला माझं काय म्हणणं न्हाई. ह्या बिचाऱ्याला कोण खातं?"

"मासा खातो की."

"मग माशाला दुसरं काय तरी दे."

"आन् माशाचा जीव, जीव न्हाई व्हय?"

तू पाण्याकडे बघत म्हणालास, "हाय. पण सगळं काय मला थांबवता येत न्हाई. एक थांबवता आलं तर बघतो." मी म्हणालो, हे अर्धवट पुण्य झालं. तू म्हणालास, अर्धवट तर अर्धवट. त्यावर आपण नऊ वर्षं भांडलो, आणि तू सगळ्यात बळकट मुद्दा अजून मांडायचा बाकी असल्यासारखा निघून गेलास.

त्याच आठवड्यात तू मोबाइलवर एक व्हिडिओ घेऊन माझ्या दुकानात आलास. परदेशातला कुणी म्हातारा नदीत उभा राहून लांबलचक दोरी हवेत फिरवत होता आणि दोरीच्या टोकाला पिसांची बनवलेली खोटी माशी होती. मासा ती खरी समजून गिळत होता. तू पुन्हा पुन्हा मागे नेऊन तेवढंच दाखवत होतास. "बघ, ह्यात गांडूळ न्हाई. मी बांधून देतो तुला असल्या माश्या." मी विचारलं, गळावर धागा बांधायला तुमच्यात चालतं का? तू म्हणालास, "मी लोखंडावर धागा बांधतोय. पुढं तू काय करतोस ते तुझं तू बघ." हा युक्तिवाद तुमच्या जैन महाराजसाहेबांपुढे मांडून बघ, असं मी म्हणालो, तेव्हा तू तो व्हिडिओ बंद केलास.

पीस तुला चालेना. अस्सल रेशीमही चालेना, त्यात किडे मरतात. म्हणून तू कारखान्यात झालेली लोकर घेतलीस, भरतकामाचा हिरवा धागा घेतलास, चकाकीला जरीची एक काडी, आणि अंगाला पीळ म्हणून माझी सगळ्यात बारीक तांब्याची तार. माझ्या बाकावरच्या व्हाइसच्या पकडीत नखाएवढा गळ धरून तू चष्मा कपाळावर चढवून बांधायला बसलास. गाठी अशा सुबक की मला हेवा वाटला. मी वाइंडिंग तुझ्या हाताखाली शिकलो असतो तर बरं झालं असतं. चातुर्मासात मात्र तू धाग्याला हात लावायचा नाहीस, म्हणून आषाढाआधीच पुढच्या चार महिन्यांच्या बांधून ठेवायचास. यावरूनही मी तुला छळलं. पाप आधी उरकून ठेवतोस, असं म्हणायचो.

माशी तयार झाली, पण ती फेकायची कशी? माझी काठी आखूड, रीळवाली, चमच्यासारखं जड पत्र्याचं आमिष किंवा शिसं फेकायची. तुझ्या माशीला वजनच नाही. फेकली की माझ्याच पायाशी पडायची. शिसं लावलं तर तळाला जायची आणि धपकन आवाज होऊन मासे पांगायचे. तोडगा तूच काढलास. तुझ्या दुकानात पोरींच्या अंगठ्या ज्या पारदर्शक प्लास्टिकच्या गोळीत मिळायच्या, तसली लिंबाएवढी गोळी घेऊन मी तिला दोन भोकं पाडली आणि निम्मं पाणी भरलं. फेकायला वजन मिळालं, तरी गोळी तरंगते, आणि माशाला दिसत नाही. गोळीच्या मागे एक वावभर नायलॉनची बारीक तंगूस, आणि त्याच्या टोकाला तुझी माशी. पहिल्यांदा ती पन्नास हात लांब जाऊन पडली तेव्हा आपण दोघं एकमेकांकडे बघून पोरांसारखे हसलो होतो.

पण मासा लागला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढच्या खेपेलाही नाही. आपल्याला मोठं काही नको होतं. तव्यात मावेल एवढी चिलापी, डिंभ्यात ती भरपूर. तरीही नाही. जाळी आवरत बसलेला बाळू कोळी बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "पावणं, लोकरीवर मासा लागत असता तर आमी स्वेटर इणलं असतं." मी हसलो. तू हसला नाहीस. येताना जुन्नर येईपर्यंत तू गाडीवर मागे बसून तीच माशी बोटांत फिरवत होतास, मला आरशात दिसत होतं.

आता माझं सांगतो. तिसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी मी निमगाव सावाला मेव्हण्याची मोटर उतरवायला गेलो होतो. त्याच्या गांडूळखताच्या हौदातून मूठभर ओली माती, तिच्यातल्या ऐवजासकट, तंबाखूच्या रिकाम्या डबीत भरून घेतली. डिंभ्याला तू पाठ फिरवून डबा सोडत होतास, तेवढ्यात मी बोटभर गांडुळाचा तुकडा तुझ्या हिरव्या माशीखाली गळाला लावला. फेकलं, आणि लागला. तू असा उठलास की थेपल्यांचा डबा पाण्यात गेला. "लागला, दत्त्या, लागला," एवढंच म्हणत होतास. तुझ्या डोळ्यात पाणी होतं. मासा बघून डोळ्यात पाणी आलेला वाणी मी पहिल्यांदा बघितला.

दुसऱ्या दिवसापासून तू गल्ल्यावर बसून बांगड्या भरायला आलेल्या बायकांनाही सांगायला लागलास की डिंभ्यात माझ्या धाग्यावर मासा लागतो. मग मी कसं थांबणार होतो? तुझ्यासाठी केलं असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण निम्मं तुझ्यासाठी आणि निम्मं मला मासे हवे होते म्हणून. नऊ वर्षं माझ्या पँटच्या उजव्या खिशात ती डबी होती. ज्याला वाचवायला तू माश्या बांधायला बसलास, तेच दर खेपेला तुझ्या माशीखाली मरत होतं.

आणि मला नऊ वर्षं एकच संशय खात राहिला, की तुला कळलंय. मी गळ तयार करायला बसलो की तू नेमका तेव्हाच पेपर उघडायचास. धरणावरच्या वाऱ्यात कोण पेपर वाचतं? मासा लागला की तू तुझ्या उकळलेल्या पाण्याची बाटली माझ्यापुढे धरायचास, "हात धू." एकदा तू म्हणालास, "आज धागा लई चवदार झालाय वाटतं." ते सरळ बोललास का तिरकं, याचा विचार मी घोडेगावच्या चौकापर्यंत करत आलो आणि गाडी खड्ड्यात घातली. तू मागून म्हणालास, रस्त्याकडं बघ. तेही मला तिरकंच वाटलं.

मग तुझी चोरी मला सापडली. मासा काठापर्यंत यायचा आणि अगदी हाताशी आल्यावर सुटून जायचा. एखाद्या वेळी होतं, पण इतक्या वेळा? दोनेक वर्षांपूर्वी मी तुझी एक माशी दुकानातल्या भिंगाच्या दिव्याखाली धरली. गळाच्या टोकामागे जो उलटा काटा असतो, ज्यामुळे माशाच्या जबड्यातून गळ सुटत नाही, तो घासून साफ केलेला होता. कानशीचे बारीक ओरखडे दिसत होते. दुसरी बघितली, तिसरी बघितली. सगळ्यांचे काटे गायब. म्हणजे गांडूळ वाचवायला धागा, आणि मासा वाचवायला कानस. आणि वर मला म्हणायचास, पुढचं तुझं तू बघ.

त्या दिवशी मी उठून भिंतीपलीकडे येणार होतो. दुकानाच्या पायरीवर आलोही. मग खिशातली डबी मांडीला लागली आणि मी परत येऊन बसलो. मी बोललो असतो तर तूही बोलला असतास. नवरा-बायकोसुद्धा इतकी वर्षं एकमेकांचं झाकत नाहीत. आपण एकमेकांना फसवत डिंभ्याला जात राहिलो आणि दोघंही खूश होतो. हे असं कुणाला सांगायचं?

परवा विमलवहिनींना भेटायला गेलो. त्या खिडकीत बसल्या होत्या, तुझी चपला ठेवायची जागा रिकामी होती. चहा दिला. मग आतून एक कानस आणून माझ्यापुढे ठेवली. "दत्ताभाऊ, ही तुमची का? ह्यांच्या ड्रॉवरात होती. दुपारी दुकान बंद असलं की घासत बसायचे. विचारलं तर म्हणायचे, दत्त्याचं काम हाय." कानस माझीच होती. ती हरवली म्हणून मी तीन गिऱ्हाइकांवर संशय घेतला होता आणि एकाशी तर अजून बोलत नाही.

मी उठणार तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "एक विचारायचं राहिलं. संवत्सरी झाली की दुसऱ्या दिवशी हे तुमच्याकडं यायचे ना, हात जोडायला?"

"यायचा की. दर साली."

"घरी आले की म्हणायचे, दत्त्यानं आज पण माफ केलं न्हाई. नुसता चहा पाजला."

तू दर वर्षी दारात उभा राहून हात जोडायचास, जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा कर म्हणायचास, आणि मी म्हणायचो, "बास कर शेठ, बस, चहा घे." मला तो तुमच्यातला रिवाज वाटायचा, सगळ्या गिऱ्हाइकांना करायचास तसा. तू कानशीबद्दल बोलत होतास. दर वर्षी खरीखुरी माफी मागत होतास, आणि मी तुझी खोड काढून तुला परत पाठवत होतो. माझ्या डबीबद्दल मी एकदाही हात जोडले नाहीत.

वहिनी पुढे म्हणाल्या, "आणि एकदा मला विचारलं होतं त्यांनी, गांडूळ धरलं की हाताला वास राहतो का गं?"

"कवा?"

"लई वर्षं झाली त्याला."

"मग तुमी काय म्हणाला?"

"म्हटलं, मला काय म्हाईत, मी कधी धरलंय? नुसते हसले."

का हसला, हे मी विचारलं नाही. एका जळक्या मोटारीवरून माणसाला अर्धा तास उलटसुलट विचारणारा मी, चहाचा कप ठेवला आणि निघून आलो.

काल डिंभ्याला गेलो. मागची सीट रिकामी असल्यामुळे गाडी खड्ड्यांत उडत होती. डबी नेली नव्हती. तू बांधलेल्या शेवटच्या पाच माश्या माझ्याकडे होत्या, एक घेतली. काठावर बाळू भेटला. "शेठ न्हाई आलं?" म्हणाला. मी सांगितलं. त्यानं जाळं खाली ठेवलं, म्हणाला, "माणूस लई ग्वाड व्हता," आणि होडीकडे गेला.

मला एकच बघायचं होतं, आणि ते बघायला मी नऊ वर्षं घाबरत होतो. गोळीत पाणी भरलं, माशी फेकली. सवयीने रीळ सावकाश फिरवायला लागलो, दोन फेरे आणि थांबायचं, दोन फेरे आणि थांबायचं. तिथेच माझा हात अडखळला. ही सवय मला कधी लागली? पहिल्या दोन खेपांना मी चमचा ओढतात तसा भराभर ओढत होतो. तिसऱ्या खेपेला गांडुळाचा तुकडा निसटून जाऊ नये म्हणून हळू ओढायला लागलो. म्हणजे त्या दिवशी मी दोन गोष्टी बदलल्या होत्या, आणि श्रेय एकीलाच दिलं. मोटर दुरुस्त करताना अशी चूक मी कधी केली नाही, एका वेळी एकच वायर बदलायची हे मीच सगळ्यांना सांगतो.

चौथ्या फेकीला तंगूस ताणली गेली. तळहाताएवढी चिलापी, जबड्याच्या कोपऱ्यात हिरवा धागा. पाण्यातून वर घेताच गळ आपोआप गळून पडला, तुझी करामत, पण ती तोवर माझ्या हातात होती. त्यानंतर आणखी चार लागल्या, दोन सुटल्या. मासे मी सोडून दिले असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण तीन घरी आणल्या आणि कालवण केलं. तुझ्याशी आता आणखी खोटं बोलायचं नाही.

कांत्या, तुझ्या नुसत्या धाग्यावर मासा लागतो. पहिल्यापासून लागला असता. माझ्या गांडुळाची कधीच गरज नव्हती. गल्ल्यावर बसून तू बायकांना जे सांगत होतास ते खरं होतं, आणि मी भिंतीपलीकडे तार गुंडाळत मनात हसत होतो.

आता एकच गोष्ट जिवाला लागून राहिली आहे. तुला डबीचं कळलं असेल, तर स्वतः बांधलेल्या माशीवर एकही मासा कधी लागला नाही, असं समजून तू गेलास. तरीही दर आषाढाआधी बांधत राहिलास. नऊ वर्षं मी पुरावे गोळा केले, पेपर, बाटली, तुझं ते तिरकं बोलणं, वहिनींना विचारलेला प्रश्न, आणि ते सगळे एकाच बाजूला जातात. मी जन्मभर संशय घेतला आणि तो खरा निघाला की मला समाधान वाटायचं. हा एक संशय मात्र खोटा निघू दे. तुला काही कळलं नसू दे.